कमावत्याने थकल्याचं सांगायचं कुणाला?

फिलिपिन्समध्ये 25 डिसेंबरला बहुतेक चित्रपटगृहांतले हॉलिवूडपट उतरतात आणि पुढचे सुमारे दोन आठवडे निवडक फिलिपिनो चित्रपट लागतात. 1975 पासून चालत आलेल्या मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हलला महोत्सव म्हणत असले, तरी त्याचं रूप घरगुती सणाचं आहे. नाताळचं मध्यरात्रीचं जेवण झालेलं असतं, पोरांच्या खिशात धर्ममाता-धर्मपित्यांनी दिलेल्या कोऱ्या नोटा असतात आणि आजीपासून शेंडेफळापर्यंत सगळं घर एका रांगेत बसून सिनेमा पाहतं. परदेशी कामाला असलेलं कुणी सुटीवर आलं असेल, तर तिकिटं काढायला बहुधा तेच पुढे होतं.

2024 च्या नाताळात या रांगांसमोर जुन रोब्लेस लाना यांचा 'अँड द ब्रेडविनर इज...' लागला. त्यातला बांबी तैवानमध्ये राबून घरी पैसे पाठवतो. एक दिवस तो कुणाला न कळवता गावी परततो आणि पाहतो, तर ज्या नव्या घरासाठी पैसे धाडले ते उभंच राहिलेलं नाही. जुनं मोडकळीला आलं आहे. पुढे गैरसमजातून बांबी मेला असं धरलं जातं, आणि विम्याची मोठी रक्कम दिसताच घरातली माणसं ते मरण तसंच चालू ठेवायचं ठरवतात. बांबीच्या भूमिकेत व्हाइस गांदा, तिथल्या सर्वांत लोकप्रिय विनोदी कलाकारांपैकी एक. चित्रपट पोट धरून हसवतो. मग भावंडं समोरासमोर येतात, आणि इतकी वर्षं घर ओढणारा माणूस आपण किती थकलो आहोत ते सगळ्यांदेखत बोलून दाखवतो.

या कथेतली विम्याची भानगड मला फार महत्त्वाची वाटते. जिवंत असेतो पगार पाठवायचा आणि मेल्यावर विमा मिळवून द्यायचा, म्हणजे कमावत्याचं मरणसुद्धा त्याच्या मालकीचं नाही. हे गंभीर चित्रपटात कुणी सरळ दाखवलं असतं, तर नाताळच्या दिवशी सहकुटुंब कोण पाहायला गेलं असतं? विनोदामुळे ते आईच्या शेजारी बसून पाहता येतं. फिलिपिनो कौटुंबिक विनोदी नाट्याचं मोल मला इथे दिसतं. ज्या समाजात आईबापांपुढे 'माझ्याच्याने होत नाही' म्हणणं कृतघ्नपणाचं मानतात, तिथे हे वाक्य मोठ्याने उच्चारायला त्याने जागा करून दिली. पण ती जागा घरापुरतीच ठेवली, हा त्याचा दोष. घराच्या भिंतीबाहेर ज्यांना जाब विचारायचा, त्यांच्यापर्यंत हे चित्रपट अजून पोहोचलेले नाहीत.

बांबी तैवानला का गेला, याचं उत्तर त्याच्या घरात सापडत नाही. 1974 मध्ये फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीने कामगार संहिता आणली आणि माणसं परदेशी कामाला पाठवणं हा सरकारी कार्यक्रम झाला. देशात रोजगार नव्हता, परकीय चलनाची चणचण होती. तात्पुरती म्हणून काढलेली ही वाट पन्नास वर्षांनंतरही वाहते आहे. 1988 मध्ये हाँगकाँगमधल्या मोलकरणींसमोर बोलताना राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी त्यांना देशाचे नवे वीर म्हटलं, आणि तेव्हापासून ही पदवी परदेशी राबणाऱ्या प्रत्येकाला चिकटली. 2024 मध्ये या माणसांनी बँकांमार्फत 34.49 अब्ज डॉलर घरी पाठवले, देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे साडेसात टक्के. एकट्या तैवानमध्ये दीड लाखाच्या आसपास फिलिपिनो कामगार आहेत, त्यांतले बरेचसे कारखान्यांत. त्यांना वीर म्हणणं सोपं होतं. ते परत आले तर त्यांना कुठे काम मिळेल, हा अवघड प्रश्न त्या पदवीखाली झाकला गेला.

या पैशाचं घरातलं रूप पाहायचं असेल तर 'बालिकबायान बॉक्स' पाहावा. कमरेएवढा उंच जाड पुठ्ठ्याचा खोका. दुबईत, रोममध्ये नाहीतर ताइपेत तो पलंगाच्या पायथ्याशी महिनोन् महिने उघडा पडलेला असतो आणि सवलतीत मिळेल तशी एकेक वस्तू त्यात जाते: कॉर्न्ड बीफचे डबे, साबण, टूथपेस्ट, चॉकलेटं, टॉवेल, पुतण्याचे बूट. बुटांच्या आतही मोजे नाहीतर गोळ्या कोंबायच्या, कारण भाडं वजनावर नसून खोक्यावर असतं. मग चिकटपट्टीचे वेढे, वर मार्करने ठसठशीत नाव-गाव, आणि जहाजाने महिना-दोन महिन्यांचा प्रवास. गावी तो उघडताना सगळं घर भोवती जमतं. पाठवणारी व्यक्ती व्हिडिओ कॉलवरून पाहत असते आणि कुणाला काय ते सांगत असते. या खोक्यातलं प्रेम खरंच आहे, त्याला कुणी ढोंग म्हणू नये. पण पुढच्या खोक्याची वाट पाहणंही तिथेच सुरू होतं, आणि पाठवणारीला ते पडद्यावर दिसत असतं.

आईवडिलांचे उपकार फिटत नाहीत ही भावना फिलिपिनो घरात पायाभूत आहे. 'उतांग ना लोओब' म्हणतात तिला. वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावून 'मानो' करण्यापासून ते थोरल्या बहिणीने धाकट्यांच्या शिक्षणासाठी स्वतःचं लग्न लांबवण्यापर्यंत सगळं तिच्यातून येतं. हा ओलावा मला मोलाचा वाटतो. दुखण्याखुपण्यात माणसाला एकटं न सोडणाऱ्या समाजाकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या भावनेवर हळूहळू एका अख्ख्या देशाची वृद्धापकाळाची तरतूद, आजारपणाचा विमा आणि बेकारी भत्ता असं सगळं रचलं गेलं. भावनेने घर उबदार राहतं. तिच्याकडून अर्थखात्याचं काम करून घेऊ लागलं की ती पिळवटते.

तीन चित्रपट एकामागून एक पाहिले तर हा पीळ कसा वाढत गेला ते दिसतं. 2003 च्या 'आंग तांगिंग इना' मध्ये आय-आय देलास आलास यांनी बारा मुलांची आई साकारली. नवरे एकामागून एक मरतात, आई मिळेल ते काम करते, आपटते, उठते, हसवते. तिच्या कष्टांचा हिशेब कुणी मांडत नाही. आईने झिजायचं असतं हे चित्रपटाने गृहीत धरलेलं आहे आणि प्रेक्षकानेही.

दहा वर्षांनी, 2013 मध्ये, कॅथी गार्सिया-मोलिना यांचा 'फोर सिस्टर्स अँड अ वेडिंग' आला. धाकट्या भावाचं लग्न अचानक ठरलं म्हणून चार बहिणी घरी जमतात, ते लग्न मोडण्याच्या इराद्याने. थोरली टेडी स्पेनमध्ये शिक्षिका आहे असा घरात समज. प्रत्यक्षात नोकरी गेलेली, ती हॉटेलात वाढपी आणि घरकामाला मोलकरीण आहे. घरी सांगायचं कसं? जिच्यावर घराने अभिमान रचला, तिला पडायची परवानगी नसते. दुसरी बॉबी न्यूयॉर्कमध्ये यशस्वी. धाकटी गॅबी आईपाशी राहिलेली. तिने काय सोडलं, हे तिला कधी कुणी विचारलेलं नाही. मग दिवाणखान्यातला तो प्रसंग येतो, ज्याच्या चित्रफिती आजही फिलिपिनो लोक एकमेकांना पाठवतात. आईसमोर एकेकीचं साचलेलं बाहेर पडतं. बेया अलोन्झो यांची बॉबी रडत रडत विचारते की, मी पुढे गेले हा जणू माझाच गुन्हा असल्यासारखं का वागवता? पुढे त्याचे विनोदी मीम झाले, पोरांनी नकला केल्या. मला वाटतं, नकला झाल्या म्हणूनच तो प्रश्न घरोघरी विचारता आला. गंमत म्हणून आधी म्हणायचा, आणि कधीतरी खरंच म्हणायचा.

'फोर सिस्टर्स'मध्ये तक्रार प्रेमाच्या वाटणीची होती: आईने कुणाला जास्त दिलं, कुणाला कमी. 2024 च्या बांबीपर्यंत येताना ती पैशांवर आली. मी पाठवलेले पैसे कुठे गेले? हा प्रश्न मोठ्या व्यावसायिक चित्रपटाच्या केंद्रस्थानी येणं ही परंपरा बदलत असल्याची खूण आहे. ती मोडलेली नाही. बांबी घर सोडून जात नाही, नातं तोडत नाही. तो हिशेब मागतो, आणि हिशेब मागूनही आपण या घरातलेच आहोत असं धरून चालतो. आधीच्या पिढीला ही दोन्ही पावलं एकत्र टाकता येत नव्हती.

बांबी समलिंगी आहे, याकडेही काणाडोळा करून चालणार नाही. फिलिपिन्स जगाला समलिंगी आणि पारलिंगी लोकांशी बराच मोकळेपणाने वागणारा देश वाटतो, आणि दूरदर्शनवर, सौंदर्यस्पर्धांत ते खरंही आहे. पण भेदभावाविरुद्धचा कायदा 2000 पासून संसदेत मांडला जातो आहे आणि अजून झालेला नाही. घराघरांत स्वीकार बऱ्याचदा कमाईच्या वाटेने येतो: हा वेगळा आहे, पण बघा किती करतो घरासाठी. म्हणजे जे इतर भावंडांना जन्मतः मिळतं, ते याला दर महिन्याला नव्याने विकत घ्यावं लागतं. अशा मुलाने 'थकलो' म्हणणं जास्तच धोक्याचं असतं.

लाना यांनी 2016 च्या 'डाय ब्युटिफुल' मध्ये याची दुसरी बाजू दाखवली होती. ट्रिशा ही पारलिंगी स्त्री सौंदर्यस्पर्धा जिंकते आणि लगेच मरण पावते. फिलिपिन्समध्ये प्रेत कित्येक दिवस ठेवतात. रात्रभर माणसं येतात, कॉफी-बिस्किटं फिरतात, पत्त्यांचे डाव पडतात, पाकिटातून मदत दिली जाते आणि परदेशातली मुलं पोहोचेपर्यंत वाट पाहिली जाते. या 'लामाय'च्या प्रत्येक रात्री आपल्याला वेगळ्या तारकेसारखं सजवावं, ही ट्रिशाची शेवटची इच्छा. वडिलांना मात्र तिला पुरुष म्हणून पुरायचं आहे. शेवटी मैत्रिणी प्रेत पळवून नेतात आणि विधी आपल्या पद्धतीने करतात. विधी तोच राहतो, पण तो करण्याचा हक्क रक्ताच्या नात्याकडून सोबत केलेल्या माणसांकडे जातो. पाओलो बालेस्तेरोस यांना या भूमिकेसाठी टोकियोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मला हा चित्रपट 'ब्रेडविनर'पेक्षा धीट वाटतो, कारण तो समेटाची घाई करत नाही.

माझा मुख्य आक्षेप या समेटालाच आहे. ओरडून झालं, रडून झालं, की मिठी येते. मिठी खोटी नसते. घरोघरी असंच होतं. पण प्रेक्षक बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मनात राहतं की घरातल्यांनी एकमेकांना समजून घ्यायला हवं होतं, एवढंच. भाऊ निष्काळजी होता, वहिनी लोभी होती, आईने विचारायला हवं होतं. जणू आणखी चांगलं कुटुंब असतं तर बांबी थकला नसता. तो थकलाच असता. सात माणसांचं घर एका कारखान्यातल्या पगारावर चालवायचं, तर सातही जण देवमाणसं असली तरी आठवं कोसळतं.

फिलिपिन्सच्या 1987 च्या राज्यघटनेतलं एक कलम इथे आठवतं. पंधराव्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमानुसार वृद्धांना सांभाळणं हे कुटुंबाचं कर्तव्य आहे, आणि सामाजिक सुरक्षेच्या न्याय्य योजनांतून राज्यही ते करू शकेल. कुटुंबाला बंधन, राज्याला मुभा. त्या मुभेचा अर्थ सरकारने कसा लावला ते आकड्यांत दिसतं. निराधार वृद्धांना 2010 च्या कायद्याने महिना 500 पेसो मिळत. 2022 च्या कायद्याने ते 1000 झाले आणि 2024 पासून हातात पडू लागले. बाजारात साधा तांदूळ किलोला 45 ते 50 पेसो असताना या रकमेत वीसेक किलो तांदूळ येतो. औषधं, वीज, डॉक्टर हे सगळं मुलांनी पाहायचं. वर्गणी भरून मिळणारं निवृत्तिवेतन आहे, पण फेरीवाले, शेतमजूर, जीपनी या प्रवासी जीपगाड्यांचे चालक यांच्यातल्या अनेकांची आयुष्यभराची कमाई त्या वर्गणीच्या बाहेरच राहते.

या पार्श्वभूमीवर 2025 मध्ये सिनेटर पानफिलो लॅक्सन यांनी आईवडिलांच्या कल्याणाचं विधेयक पुन्हा मांडलं. वृद्ध, आजारी, असमर्थ पालकांना न सांभाळणाऱ्या मुलांना दंड आणि तुरुंगवास, असा त्याचा गाभा. ज्या पालकांनी मुलांना टाकलं किंवा छळलं, त्यांना यातून वगळण्याची तजवीजही त्यात आहे. समाजमाध्यमांवर तरुणांचा भडका उडाला. आम्ही जन्माला आलो तेच तुमची म्हातारपणची पुंजी म्हणून का, असा सूर होता. जुन्या पिढीने त्यावर पाश्चात्त्य स्वार्थाचा शिक्का मारला. वर्षभरापूर्वीही असंच झालं होतं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या कार्लोस युलो या जिम्नॅस्टचा आईशी पैशांवरून झालेला वाद चव्हाट्यावर आला आणि विजयाचा आनंद बाजूला ठेवून देश दोन तट करून भांडला. एका घरातलं दुखणं होतं ते, त्यात परक्यांनी तोंड घालायला नको होतं. पण इतक्या लोकांनी घातलं, कारण प्रत्येकाला त्यात आपलं घर दिसलं.

मी लॅक्सन यांच्या विधेयकाच्या विरोधात आहे. रस्त्यावर पडलेल्या म्हाताऱ्या आईची तळमळ मला कळते, आणि काही मुलं खरोखर निर्दय असतात हेही. पण फिलिपिन्सच्या कुटुंब संहितेत पालकांच्या पोटगीची जबाबदारी आधीच लिहिलेली आहे. नव्याने येतो तो तुरुंग. तुरुंगात गेलेलं मूल पैसे पाठवू शकत नाही, आणि मुलाला तुरुंगात धाडायला बहुतेक आया तयार होणार नाहीत. ज्यांच्याकडे द्यायला नाही आणि ज्यांना द्यायचं नाही, त्यांच्यातला फरक न्यायालयाने महिनोन् महिने शोधत बसायचा, तेवढ्यात म्हातारीने काय खायचं? दुसऱ्या बाजूने, 'आम्ही काही देणं लागत नाही' असं म्हणणाऱ्या तरुणांशीही मी सहमत नाही. त्यांच्या आईबापांनी भाताबरोबर मीठ खाऊन फिया भरल्या आहेत. त्या दोन पिढ्यांनी एकमेकांवर तुटून पडावं असं काहीच घडलेलं नाही. दोघांनाही ज्याने वाऱ्यावर सोडलं, तो तिसरा या भांडणात कुठेच नाही.

हे लिहिताना महाराष्ट्र आणि गोवा डोळ्यांपुढे येतातच. मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर कोकणातली घरं पिढ्यान् पिढ्या चालली. गोव्याचे तारवटी आजही फिलिपिनो खलाशांच्या बरोबरीने त्याच जहाजांवर राबतात आणि सुटीवर येताना तसेच भरलेले खोके आणतात. कायदाही आपण आधीच केलेला आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याने पालकांना टाकणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली. लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून पालकांना देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. पगारदार नोकराच्या बाबतीत ते जमतंही, कारण पगार कापता येतो. रोजंदारीवरच्या मुलाचं काय कापणार? श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धाला महिना 1500 रुपये मिळतात. फिलिपिन्सच्या 1000 पेसोंचे रुपये केले तर आकडा जवळपास हाच येतो.

या विनोदी नाट्यांनी आपलं निम्मं काम चोख केलं आहे. घरातल्या कमावत्याला बोलतं केलं, आणि तो बोलल्यावर आभाळ कोसळत नाही हे सणाच्या दिवशी सगळ्या घराला एकत्र बसवून दाखवलं. आता पुढच्या नाताळात कुणीतरी दिवाणखान्याचं दार उघडून कॅमेरा बाहेर न्यावा अशी माझी फार इच्छा आहे: निवृत्तिवेतनाच्या रांगेत, भरती एजंटाच्या कचेरीत, घराच्या पैशांचा हिशेब कच्चा राहिला तरी आईच्या डायलिसिसचा हिशेब रोख मागणाऱ्या इस्पितळाच्या खिडकीपाशी. विनोदाला तिथेही जागा आहे. सर्व वृद्धांना सरसकट निवृत्तिवेतन द्या, ही मागणी फिलिपिन्समध्ये बरीच वर्षं लावून धरली जाते आहे. ते मिळालं म्हणून मुलं पैसे पाठवणं थांबवतील असं मला वाटत नाही. खोके येत राहतील. फक्त एखाद्या महिन्यात खोका आला नाही, तर घरात चूल पेटायची राहणार नाही, आणि ताइपेतल्या माणसाला दोन दिवस आजारी पडता येईल.